ताई म्हणाल्या, सगळं नॉर्मल

२ सप्टेंबर

ताईंना दाखवायची वही वेगळी आहे. तिच्यात किती पळाले, काय खाल्लं, उठल्यावर नाडी किती, एवढंच लिहायचं. ही वही माझी. हिच्यात काय लिहायचं ते अजून ठरलं नाही.

अर्पिताताईंकडे राहायला आले त्याला आता दीड महिना होईल. खाली त्या एकट्या, वरच्या खोलीत मी. खिडकीतून मैदान दिसतं. पहाटे आधी पोलीस भरतीची पोरं येतात, आरडाओरडा करत. मग आम्ही उतरतो. ताई म्हणतात, "ते नोकरीसाठी पळून राह्यले. तुले देशासाठी पळायचं आहे." हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या तांड्यात आजवर कोणी कोणाला असं बोललं नाही.

आर्णीला कॉलेजच्या स्पर्धेत ताईंनी मला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तांड्यावर आल्या. याडीनं (आईला आम्ही याडीच म्हणतो) सतरंजी टाकली, पण ताईंना मांडी घालून बसता येत नाही. त्या पूर्वी पाच हजार मीटर पळायच्या, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या होत्या. मग स्कूटरचा अपघात झाला आणि खुब्याचं हाड मोडलं. बा धावत जाऊन तांड्याच्या नायकाच्या घरून खुर्ची घेऊन आला.

बा म्हणाला, "पोरगी तुमच्या हाती देऊन राह्यलो, मॅडम."

"मॅडम नाही, ताई म्हणा. लहान बहीण म्हणून घेऊन चालली मी हिले."

याडी निघताना माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "वाळून येशील तू."

१९ सप्टेंबर

वजन अजून कमी झालं. ताई खूश. रात्रीचा भात कधीच बंद झाला, आता सकाळची भाकरीही अर्धी. भूक लागते तेव्हा पाणी पिते, मग लागत नाही. चुलीवरच्या भाकरीची आठवण येते, पण ताई म्हणतात, आठवणीनं वजन वाढत नाही, खाल्ल्यानं वाढते. हसलो दोघी.

पाळी आली नाही. मागच्या महिन्यातही नव्हती आली. घाबरतच ताईंना सांगितलं. त्या हसल्या. "अवं, चांगलं आहे ना मग! शरीर लायनीवर येऊन राह्यलं. ज्या पोरी खऱ्या पळतात ना, त्यांची जातेच."

"याडीले सांगू?"

"कायले? आईले काय समजते यातलं. उगीच जीव टांगणीला लागल तिचा."

बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं. कापड, पोटदुखी, सगळीच कटकट गेली.

५ ऑक्टोबर

आज मैदानावर एक डॉक्टर आल्या होत्या. डॉ. निकिता. पुण्याकडच्या आहेत, खेळाडूंच्या ताणावर अभ्यास करताहेत. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी नळीत थुंकायचं, पळण्याआधी रक्त, पळून झाल्यावर परत रक्त. भरतीची पोरं लांबून बघून हसत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, स्पर्धा जवळ आली की अंगात कॉर्टिसॉल नावाचं काहीतरी वाढतं. थोडं वाढलं तर उपयोगाचं असतं, त्यानंच माणूस जोरात पळतो. पण वाढून तसंच राहिलं तर नुकसान करतं. मग त्यांनी झोप, भूक विचारली आणि शेवटी पाळी.

ताईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "नियमित आहे म्हणशील. नाही तर स्पर्धेतून नाव काढून टाकतीन." मी ताईंकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि मग लिहिलं.

२० ऑक्टोबर

पहिली आले!! विद्यापीठाच्या स्पर्धा, अमरावती, पाच हजार मीटर. दुसरी पोरगी कितीतरी मागे होती.

पळण्याआधी दोनदा उलटी झाली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं बाजूच्या पोरीला ऐकू येईल. ताईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "भ्या लागून राह्यलं?" मी म्हटलं, हाव. "लागू दे. तेच तुले पळवते. ज्या दिवशी भ्या नाही वाटलं, त्या दिवशी घरी जाय."

जिंकल्यावर ताई रडल्या. त्या रडल्या म्हणून मीही रडले. येताना गाडीत म्हणाल्या, आता फेब्रुवारीत नागपूरला महाराष्ट्राच्या संघाची निवड आहे. "तुझं नाव लागलं तर संघासोबत मलेही जाता येईल, रंजिता. मी घातली नाही ती इंडियाची जर्सी पुढं तू घालशील."

मी मनात म्हटलं, ताईंसाठी मी मरेन.

१ नोव्हेंबर

दिवाळी. मी यवतमाळलाच.

तांड्यावर आज पोरी हातात दिवे घेऊन मेरा, म्हणजे दिवाळीचा आशीर्वाद, मागायला निघाल्या असतील, आधी नायकाच्या दारी, मग घरोघर. लग्न झालं की हे बंद होतं, म्हणजे माझी किती वर्षं राहिलीत कोणास ठाऊक. ताईंना म्हटलं, एक दिवस जाऊन येते. त्या म्हणाल्या, "जाय ना. मी कुठं धरून ठेवलं? पण तिकडं गेली की अनारसे, करंजी, गोडाधोडाचं... जाय, तुले पाहिजे तर जाय." मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाही गेले.

याडीचा फोन आला. मी तिच्यावर उगाच ओरडले. काय म्हणाली होती तेही आठवत नाही. नंतर गच्चीवर बसून रडले, का तेही कळेना. आजकाल असंच होतं. रडू येतं आणि त्याला कारण नसतं.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांचे रिपोर्ट आले. ताई स्वतः कॉलेजात जाऊन भेटून आल्या. मी गेटपाशीच उभी होते वाट बघत.

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणतीन? सगळं नॉर्मल. फर्स्ट क्लास. म्हणे अशी पोरगी पाहिली नाही."

मग गाडी आत लावताना म्हणाल्या, "त्यांचा अभ्यास झाला आता. इकडे येणार नाहीत त्या." ताईंचा चेहरा उतरलेला वाटला. उन्हातून आल्या म्हणून असेल. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पायांना तेल लावलं. एवढं कधी केलं नव्हतं. बराच वेळ लावत बसल्या.

९ डिसेंबर

उमरखेडची एक पोरगी आली आहे, नयन. पंधरा वर्षांची. तिची आई मैनाबाई सोडायला आली होती. येताना मोठा डबा भरून शेंगदाण्याचे लाडू आणलेले. मैनाबाई गेली तसा ताईंनी डबा उचलून भरतीच्या पोरांना देऊन टाकला. नयनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, "होते सवय."

ती माझ्या खोलीत राहील. बडबडी आहे. मला "रंजिताताई" म्हणते. मला आजवर कोणी ताई म्हटलं नव्हतं.

२ जानेवारी

डाव्या जांघेत दुखतं. पळायला लागल्यावर दुखतं, थोड्या वेळानं कमी होतं, पळून झालं की पुन्हा. ताईंना सांगितलं. त्यांनी बोटांनी दाबून बघितलं आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

"इथं? आतमधून?"

"हाव."

"स्नायू आहे. गोळी घे आणि पळ."

झोप नाही. पहाटेचा गजर व्हायच्या आधीच जागी असते. केस विंचरले की फणी भरते. ताई म्हणतात, निवड होऊ दे, सगळं जागेवर येईल. नयन आता चांगली पळायला लागली. ताई तिच्याच बाजूनं सायकलवर जास्त असतात. परवा मला म्हणाल्या, "नयनची चाल बघ, कशी हलकी आहे." मला राग आला नयनचा. तिचा काय दोष? पण आला.

२१ जानेवारी

दुखणं वाढलं. एक विचार मनात आला, डॉ. निकितांना फोन करावा. ताईंना विचारलं. त्या एकदम चिडल्या. "त्या कागदावरच्या डॉक्टर आहेत! कधी पळल्या का त्या? माह्यावर विश्वास नाही तर सामान उचल."

मी माफी मागितली. ताई बरोबरच आहेत. ऐन वेळी मीच कच खाऊन राहिले आहे. मनातच काहीतरी खोट आहे माझ्या.

१० फेब्रुवारी. नागपूर, दवाखाना

पडून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल.

शेवटच्या दोन फेऱ्या होत्या. मी तिसरी होते आणि पुढच्या दोघी दमल्या होत्या, मला दिसत होतं. आत्ता जोर लावायचा म्हणून लावला आणि जांघेत कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मला ऐकू आला. मग ट्रॅक गालाला लागला, एवढंच आठवतं.

खुब्याजवळचं हाड मोडलं. धक्का नाही, कोणी पाडलं नाही, नुसतं पळताना. आत स्क्रू टाकले. इथले डॉक्टर एकमेकांत म्हणत होते, विशीच्या पोरीचं हाड असं कसं?

ॲम्ब्युलन्समध्ये ताई शेजारी होत्या. माझा हात घट्ट धरला होता. कानाशी येऊन म्हणाल्या, "पाळीचं विचारलं तर बरोबर आहे म्हणशील. नाव खराब होते उगीच." एवढ्या दुखण्यातही त्यांना माझ्या नावाची काळजी. डॉक्टरांनी विचारल्यावर मी तसंच सांगितलं.

१२ फेब्रुवारी

बा आणि याडी आले. याडीनं मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. पायाकडे बघितलंच नाही तिनं, माझ्या हातांकडे बघत होती, मनगटांकडे.

ताई काल सकाळीच गेल्या. नयनची स्पर्धा आहे, जावंच लागलं. जाताना मी झोपेत होते म्हणून उठवलं नाही, असं नर्स म्हणाली. मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते.

२७ फेब्रुवारी. तांडा

घरी आले. वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. शेजारचे भीमसिंगकाका रोज येऊन विचारतात, "कवा पळशील आता?" त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसते.

ताईंचा फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. ग्राउंडवर असतील.

५ मार्च

हे कसं लिहू?

आज यवतमाळला पाय दाखवायला गेलो, बा आणि मी. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरून डॉ. निकिता आल्या. आधी ओळखलं नाही त्यांनी. मग थांबल्या.

"रंजिता? हे काय झालं?"

मी सांगितलं. 

"म्हणजे तू पळतच होतीस? फेब्रुवारीपर्यंत?"

"हो. निवड होती ना."

"अगं, पण मी अर्पितामॅडमना दिवाळीनंतर लगेच सांगितलं होतं. समोर बसवून सांगितलं. हिचं पळणं आजपासून बंद करा, हिला पोटभर जेवू द्या, हाडांची तपासणी करून घ्या. तुझं कॉर्टिसॉल सकाळ-संध्याकाळ चढलेलंच होतं, उतरतच नव्हतं. इस्ट्रोजेन तर जवळजवळ नाहीच. पाळी नियमित आहे म्हणालीस, पण तुझं रक्त तसं म्हणत नव्हतं."

मी म्हटलं, "ताई म्हणाल्या, सगळं नॉर्मल."

डॉक्टर माझ्या शेजारी बसल्या. "मी नंतर फोन करून विचारलंही. त्या म्हणाल्या, रंजिताला सगळं सांगितलंय, ती गावी गेली, आराम करतेय."

मी गावी नव्हते. मी वर खोलीत होते. खाली उतरलं की ताई.

 बा म्हणाला, "मॅडम, मले समजंल असं सांगा. पोरीले झालं काय?"

त्या म्हणाल्या, शरीराला रोज स्पर्धेची भीती, रोज उपास, रोज पळणं. त्याला वाटायला लागतं की आपल्यावर काहीतरी मोठं संकट आहे. मग जगायला लागतं तेवढं ते चालू ठेवतं आणि बाकीचं एकेक बंद करतं. पाळी बंद करतं. हाड भरायचं थांबवतं. झोप जाते, मन थाऱ्यावर राहत नाही.

"ताण बसला म्हणा ना," बा म्हणाला. "पाण्याचा ताण बसला की कपाशी पात्या गाळते, फुलं धरत नाही. तसंच."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

मग मी विचारलं, "रक्त माझं होतं. मला का नाही सांगितलं?"

त्यांनी मान खाली घातली. प्रशिक्षकांमार्फत बोलायचं असं ठरलं होतं म्हणे. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. तुला एक फोन करायला हवा होता."

येताना बसमध्ये बा खिडकीबाहेर बघत होता. 

७ मार्च

डॉक्टर खोटं बोलत असतील. स्वतःवर येऊ नये म्हणून ताईंवर ढकलत असतील. ताई असं करणार नाहीत. त्यांनी माझ्या पायाला तेल लावलं होतं.

तेल कधी लावलं होतं ते मागची पानं उलटून बघितलं. त्याच संध्याकाळी.

१४ मार्च

पहाटे होळी पेटली. लेंगीची गाणी ऐकू येत होती, सगळा तांडा तिकडे. मी खाटेवर. समोरच्या घरातली लालीबाई माझ्यासाठी पुरणाची पोळी घेऊन आली. ती मी पूर्ण खाल्ली, तूप घालून, आणि खाऊन झाल्यावर घाबरले. अजून घाबरते. ताईंनी बघितलं तर, असं वाटतं.

१७ मार्च

आज दुपारी ताई आल्या. सफरचंदांची पिशवी घेऊन. बानं खुर्ची दिली आणि बाहेर निघून गेला. तो पाहुण्याला असं टाकून कधी जात नाही.

ताई म्हणाल्या, "बरी दिसून राह्यली. तोंडावर तेज आलं." मी म्हटलं, "डॉ. निकिता भेटल्या होत्या."

ताईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. नाही म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता. खरंच ठेवला असता. मनात तेच चाललं होतं, नाही म्हणा, ताई, नाही म्हणा.

त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू थांबली असती."

"हो."

"थांबली असती तर संपली असती. एक वर्ष गेलं की पोरी परत येत नाहीत, रंजिता. लग्न करून देतात. मी पाह्यलं आहे."

"मग आता काय झालं माझं?"

त्या पिशवीतली सफरचंदं बाहेर काढायला लागल्या. मी म्हटलं, "पाळी जाते म्हणजे चांगलं असते म्हणाल्या होत्या तुम्ही."

"माही गेलती. चार वर्षं. माहं मेडल त्याच वर्षांत आलं."

"आणि हाड?"

त्या अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायला लागल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "स्कूटरचा अपघात कधी झालाच नाही. पटियालाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पळताना मोडलं. तिथंच. जिथं तुझं मोडलं, तिथंच."

मला जांघेवरचा त्यांचा हात आठवला. बराच वेळ तिथंच ठेवलेला. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. आणि म्हणाल्या, गोळी घे.

"तुम्हाले ठाऊक होतं," मी म्हटलं.  "डॉक्टरले पुस्तकातून ठाऊक. तुम्हाले तर सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच वाटलं, मी सांभाळून नेईन. माह्यावेळी सांभाळाले कोणी नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत हाड टिकलं असतं. तेवढंच पाहिजे होतं."

"कोणाले?"

त्या रडायला लागल्या. अमरावतीला त्या रडल्या तेव्हा मीही रडले होते. आज माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी नुसती बघत होते.

ताई उठल्या. दारात याडी उभी होती, कधीपासून कोणास ठाऊक. तिच्या हातात ताट होतं, भाकरी, तुरीच्या दाळीचं वरण, वर तेल. मला याडीचा इतका राग आला! हिला जेवायला घालतेस?

याडी ताईंना म्हणाली, "बस. खाऊन जाय. तू माह्या पोरीले उपाशी ठेवलं, मी तुले नाही ठेवत."

ताई बसल्या. एक घास घेतला, दुसरा त्यांना गिळता येईना. याडी समोर उभी राहून बघत होती. ताट संपेपर्यंत ती हलली नाही.

१८ मार्च

रात्री विचार करत होते, जास्त राग कशाचा येतो? पायाचा नाही. पाय जुळेल. मी रोज सकाळी त्यांचा आवाज ऐकला की उठायचे. घरच्यांपेक्षा त्यांचं ऐकलं. याडीवर ओरडले. आता एखादा चांगलं बोलला की मला वाटतं, याला काय पाहिजे असेल.

अजून पाळी आली नाही. डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल, खात राहा. आता त्या मलाच फोन करतात.

२३ मार्च

नयनला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "रंजिताताई, तुम्ही पडल्या त्यात माहा काय दोष? मी पुढं चालली तर तुमच्या पोटात दुखून राह्यलं का?"

मी विचारलं, "तुझी पाळी येते का?"

तिनं फोन कापला. परत लावला तर लागत नाही. माझा नंबर बंद करून टाकला तिनं.

वाईट वाटलं. पण जानेवारीत मला कोणी असा फोन केला असता तर मीही हेच केलं असतं.

९ एप्रिल

बाला म्हटलं, मला उमरखेडला जायचं आहे. काठीवर चालता येतं आता. तो म्हणाला, फोनवर सांग. म्हटलं, डॉक्टरांनीही फोनवरच विचारलं होतं, काय झालं? मग तो सोबत आला. बसमध्ये जागा मिळाली, पण पाय लांब करता येईना, महागावपर्यंत कळा येत होत्या.

मैनाबाईच्या अंगणात हळद वाळत घातली होती. मला काठीवर बघून ती उठून आली, आत नेलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. लाडवांचा डबाही सांगितला. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"भरतीच्या पोट्ट्यांले वाटले?"

"हाव."

"मले तर म्हणाली, नयननं चार दिवसांत संपवले." पुढे म्हणाली, "संक्रांतीले आलती तर पाळीची वेळ होती तिची. आली नाही. मी विचारलं तर म्हणे, ताई म्हणतात चांगलं असते."

मग ती उठली. हातपाय धुतले, साडी बदलली, शेजारणीला हळदीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. आम्ही तिघं एकाच बसनं निघालो. आर्णीला आम्ही उतरलो, ती यवतमाळला पुढे गेली. खिडकीतून तिनं मला हात केला नाही. सरळ समोर बघत होती.

१२ एप्रिल

मैनाबाईनं नयनला घरी आणलं. सामानासकट. मैदानावरूनच उचलून आणलं म्हणे, सगळ्यांसमोर.

दुपारी फोन आला, मैनाबाईच्या नंबरवरून. नयन होती. ती ओरडतच होती. "तुम्ही माहं सगळं संपवलं! ताईंनी तुमच्यासाठी इतकं केलं आणि तुम्ही त्यांच्यामागे घरी येऊन आईचे कान भरले. धोका दिला तुम्ही. मले पण आणि त्यांले पण. ताई म्हणत होत्या, रंजिता अशीच आहे, तिच्यापासून दूर राहा."

मी फोन कानाला लावून तशीच बसले. बाहेर ऊन इतकं होतं की कोंबड्यासुद्धा खाटेखाली येऊन बसल्या होत्या. ती रडत होती, शिव्या देत होती, मला वाटलं आता ठेवेल. ठेवला नाही. रडणं कमी झालं. नुसता श्वास ऐकू येत होता.

"रंजिताताई."

"बोल."

"मले थंडी वाजते. एवढ्या उन्हात मी गोधडी घेऊन बसली आहे. बोटं निळी पडतात माही. ते पण त्यानंच होते का?"

मलाही वाजायची. सगळा हिवाळा, आणि त्याआधीही, अगदी पळून आल्यावर घाम निथळत असतानाही. मी ते ताईंना सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "हाव, नयन. त्यानंच."